गौरीचा मुखवटा आणि खिडकीचा उजेड

३१ मेला मी शाळेतून निवृत्त झाले. सत्काराच्या पुस्तिकेसाठी मुख्याध्यापकांनी फोटो मागितला. “बाई, मोबाइलवरचा नको, नीट काढलेला द्या,” एवढंच ते म्हणाले. आमच्या घरात तेवढं पुरेसं होतं. कोल्हापुरात माझ्या वडिलांनी सुरू केलेला स्टुडिओ आता माझा धाकटा भाऊ चालवतो. माझी लेक पुण्यात फोटोग्राफीचा डिप्लोमा करते. शिकायला लागून तिला सहा महिने झालेत. फोटो दोघांनाही काढायचा होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवस मी त्या स्टुडिओतल्या स्टुलावर बसून होते आणि मामा-भाचीचा वाद माझ्या डोक्यावरून चालला होता.

फोटो कसा काढावा यावर काढणारे पुष्कळ बोलतात. ज्याचा फोटो निघतो तो बहुतेक गप्प असतो. म्हणून स्टुलावर बसून जे ऐकलं ते इथं मांडते आहे. जी मुलं नव्यानं पोर्ट्रेट शिकताहेत त्यांना त्याचा उपयोग व्हावा, ही मनापासूनची इच्छा आहे.

स्टुडिओ वरच्या मजल्यावर आहे. उत्तरेच्या भिंतीत पाच फूट उंच खिडकी आहे आणि तिच्यापासून हातभर अंतरावर मांजरपाटाचा पांढरा पडदा. लेकीनं पिशवीतून फ्लॅश, ट्रिगर, स्टँड आणि घडीचा सॉफ्टबॉक्स काढला आणि पहिलं वाक्य बोलली ते खिडकीबद्दल.

लेक : मामा, खिडकीची दारं लावून घेऊया का?

भाऊ : उजेड बंद करून फोटो काढायचा?

लेक : खिडकीचा उजेड माझ्या हातात नाही. ढग आला की तो उतरतो, ढग गेला की चढतो. आज जमलेला फोटो उद्याही तसाच काढता आला, तर मी शिकले असं म्हणता येईल. फ्लॅशचा उजेड अ‍ॅपर्चरनं आवरायचा, खोलीतला शटरनं. शटर एक दोनशांश सेकंदावर नेलं की ही खोली फोटोत जवळजवळ काळी होते. उरतो तो मी लावलेला एकच दिवा. तो कुठून यावा, किती यावा, हे मी ठरवते.

भाऊ : आणि ताईच्या चेहऱ्यानं काय ठरवायचं?

लेक : म्हणजे?

भाऊ : तू आल्यापासून दिव्याकडं बघतेयस. तिची कुठली भुवई वर आहे, सांग.

लेक गप्प झाली. खरं तर मलाही ते ठाऊक नव्हतं.

भाऊ : डावी. आणि हसताना उजवा डोळा आधी बारीक होतो. बाबा गिऱ्हाइकाला आधी पाणी द्यायचे, पाच मिनिटं गप्पा मारायचे आणि तेवढ्यात चेहरा वाचून घ्यायचे. दिवा कुठं लावायचा ते त्यानंतर.

लेक : पण वाचलेलं लिहायला अक्षरं लागतात ना, मामा? दिवा समोरून आणि उंचावर ठेवला की नाकाखाली फुलपाखरासारखी सावली पडते. जरा बाजूला घेतला की ती सावली नाकाच्या कडेला वळते. आणखी बाजूला आणि वर नेला की नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळते आणि अंधाऱ्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक त्रिकोण उरतो. रेम्ब्रांटच्या चित्रांवरून त्याला नाव पडलंय. तो त्रिकोण डोळ्यापेक्षा रुंद नको आणि नाकापेक्षा लांब नको, असं आम्हाला शिकवतात. दिवा अगदी काटकोनात आला की अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात. या चार जागा मला डोळे मिटून सापडल्या पाहिजेत.

भाऊ : सापडू देत. पण माणूस समोर बसल्यावर ‘आज रेम्ब्रांट करूया’ असं म्हणू नकोस. ज्याचे डोळे खोल आहेत त्याला तू फुलपाखरू लावलंस, तर भुवयांच्या सावलीत डोळे बुडतील. मग नाकाखालची सावली कितीही सुबक पडो, काय उपयोग?

इथं मला दोघांचंही पटलं आणि दोघांचंही अपुरं वाटलं. तेवढ्यात पडद्यावर उन्हाची एक तिरपी पट्टी उमटली.

लेक : उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही म्हणतात. हे काय मग?

भाऊ : ते विलायती पुस्तकात. आपल्या कोल्हापुरात मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा उत्तरेकडं कललेला असतो. म्हणून तर बाबांनी हा मांजरपाट लावला. सूर्य एवढा प्रचंड, पण इतका लांब आहे की आपल्याला टिकलीएवढा दिसतो. लहान दिव्याची सावली धारदार पडते. ऊन या पडद्यावर पसरलं की पडदाच दिवा होतो, पाच फुटांचा. मोठ्या दिव्याची सावली मऊ.

लेक : अगदी बरोबर. मोठा म्हणजे चेहऱ्याच्या हिशेबानं मोठा. हाच सॉफ्टबॉक्स खोलीच्या त्या टोकाला नेला तर आईच्या चेहऱ्याला तो लहान दिसेल आणि सावली कडक होईल. अंतराचा दुसरा हिशेबही आहे. दिवा एक मीटरवरून दोन मीटरवर नेला की उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. म्हणून आई खिडकीला खेटून बसली तर चेहरा उजळतो आणि मागची भिंत अंधारात जाते. तिला आठ फूट मागं बसवलं तर चेहरा आणि भिंत यांतला फरक कमी होतो. खिडकी तीच, पडदा तोच, फोटो मात्र दोन.

भाऊ : हे मला बाबांनी एका शब्दात सांगितलं होतं. ‘स्टूल सरकव.’

लेक : पण किती सरकवायचं हे तुम्हाला कळायला किती वर्षं लागली?

भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “सात-आठ.”

लेक : मला आकडा पाठ असला तर सहा महिन्यांत जमेल. आकडे त्यासाठी असतात, मामा.

स्टुडिओच्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर आहे. त्यावरचं चित्र तुम्ही नक्की पाहिलेलं असेल : हातात दिवा घेऊन उभी असलेली साडीतली तरुणी. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. ते आहे सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं. मूळ जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे आणि चित्रासाठी उभी राहिली होती ती त्यांची स्वतःची मुलगी. भावानं बोट तिकडं केलं.

भाऊ : तुमच्या वर्गात सांगतात ना, उजेड खालून येऊ नये, माणूस भुतासारखा दिसतो? हा दिवा कुठं आहे? खालीच ना? आणि चेहरा बघ.

लेक कॅलेंडरापाशी जाऊन बराच वेळ उभी राहिली.

लेक : मामा, तिचा दुसरा हात बघा. ज्योतीपुढं आडोसा धरलाय. ज्योत आपल्याला दिसतच नाही, बोटांतून लालसर उजेड झिरपताना दिसतो. तो हात काढून टाकला तर आपली नजर ज्योतीवर खिळेल आणि चेहरा मागं पडेल. शिवाय दिवा अगदी हनुवटीखाली नाही, अंगापासून पुढं आहे. उजेड कसा वागतो हे हळदणकरांना पुरतं माहीत होतं. त्याशिवाय त्यांनी तो हात तिथं ठेवलाच नसता.

भाऊ : आणि आपल्या लेकीच्या चेहऱ्यावर तो उजेड कसा दिसेल हेही त्यांना माहीत होतं. मी तेच म्हणतोय.

पहिल्या दिवशी फोटो मात्र जमला नाही. मी पांढरी साडी नेसले होते आणि माझा वर्ण सावळा आहे. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं सरासरी राखाडी धरून चालतं. साडीचा पांढरा पाहून त्यानं उजेड कमी केला आणि माझा चेहरा काळवंडला. लेकीनं उजेड वाढवला, तर साडीचा पोत धुऊन गेला. मग चष्म्याच्या दोन्ही काचांत सॉफ्टबॉक्सचे दोन पांढरे चौकोन आले. ती दिवा वर घ्यायची, खाली घ्यायची, कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर बघायची, पुटपुटायची. प्रत्येक वेळी मी नव्यानं हसायची. तीन तासांत ४३ फोटो झाले. शेवटच्या दहांत माझे डोळे इंजेक्शनच्या रांगेत बसल्यासारखे दिसतात.

संध्याकाळी चहा घेताना भावानं ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनचा विषय काढला. या बाई १८१५ साली कोलकात्यात जन्मल्या. १८६३ च्या डिसेंबरात मुलीनं आणि जावयानं त्यांना कॅमेरा भेट दिला तेव्हा त्या ४८ वर्षांच्या होत्या. एकेका फोटोसाठी समोरच्या माणसाला कित्येक सेकंद, कधी काही मिनिटं हलू न देता बसवायच्या.

भाऊ : तिचे फोटो धूसर आहेत म्हणून तेव्हाचे जाणकार नावं ठेवायचे. आज ते जाणकार कुणाला आठवत नाहीत. तिचे चेहरे अजून बघतात लोक.

लेक : पण काचेवर ओलं रसायन पसरायचं, ती सुकायच्या आत फोटो घ्यायचा, लगेच धुवायचा, हे सगळं ती स्वतः करायची. इतकी हातमेहनत करणाऱ्या बाईला तंत्राची पर्वा नव्हती असं कसं म्हणता? तिला काय हवं हे तिनं ठरवलं होतं. माझा फोटो धूसर आला तर ती चूक असेल, कारण मी काही ठरवलेलंच नाही.

मला हे उत्तर फार आवडलं. आपली चूक आणि आपली निवड यांतला फरक विद्यार्थ्याला कळू लागला की शिकणं रुळावर येतं, हे मी तीस वर्षं वर्गात पाहिलं आहे.

त्या रात्री मी त्या दोघांना माझ्या मनातली एक जुनी गोष्ट सांगितली. १९८८ साली माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं. स्थळाला पाठवायचा फोटो बाबांनी याच खिडकीशी काढला. आधी चेहऱ्यावर पावडर. मग निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलीनं टचिंग. निगेटिव्हवर काळं चढवलं की प्रिंटमध्ये तो भाग उजळ येतो. फोटोतली मुलगी गोरी होती, देखणी होती आणि ती मी नव्हते. बाबांचं माझ्यावर प्रेम होतं, त्यांचं कौशल्यही मोठं होतं. तरी बघायला आलेल्या माणसांनी दारात माझ्याकडं पाहिलं आणि मग हातातल्या फोटोकडं पाहिलं, ते मी विसरलेले नाही.

भाऊ : तेव्हा सगळेच तसं करायचे, ताई. गिऱ्हाईकच सांगायचं, जरा उजळ काढा.

लेक : फक्त आपल्याकडचं नाही हे. रंगीत फोटोंच्या लॅबना कोडॅक नमुन्याची कार्डं पाठवायची. त्यांवर वर्षानुवर्षं गोरीच बाई असायची, तिला ‘शर्ली’ म्हणत. प्रिंटचे रंग तिच्या वर्णावरून जुळवायचे. सावळ्या माणसाचा फोटो बिघडला तर दोष त्याच्या रंगाला. मोजमापातच असा पक्षपात शिरतो म्हणून मला मोजमाप नीट शिकायचंय. मीटर राखाडी म्हणालं तरी आईचा खरा वर्ण काय आहे, ते मला ठरवता आलं पाहिजे.

भाऊ : मग हेही शीक. सावळ्या चेहऱ्यावर उजेड फेकू नये, तो कडेनं ठेवावा. गोऱ्या चेहऱ्याचा आकार सावलीतून जास्त कळतो, सावळ्याचा चमकेतून. गालाच्या हाडावर, कपाळावर, नाकाच्या दांडीवर एक मऊ, रुंद चमक आली की चेहरा उठून येतो. दिवा मोठा आणि बाजूला.

दोघं पहिल्यांदा एकच गोष्ट बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं. नऊ वाजता खिडकीत संध्याकाळ झाली होती, म्हणजे भावाचा उजेड गेला. लेकीचा फ्लॅश तयार होता, पण मी स्टुलाकडं पाहिलं आणि पाय अडले. मी म्हटलं, “तुमचं सगळं ठरलं की मला बोलवा. तोवर मी बसणार नाही.”

भाऊ क्षणभर थांबला आणि माळ्यावर चढला. खाली आला तेव्हा त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेला गौरीचा मुखवटा होता. शाडूचा, न रंगवलेला. नाकाच्या शेंड्याचा एक टवका उडालेला. बाबांनी त्याला तालमीसाठी आणून दिलेला. पहिला महिनाभर बाबांनी त्याला एकाही माणसासमोर कॅमेरा धरू दिला नव्हता. सकाळ-दुपार-संध्याकाळ या मुखवट्यावर उजेड कसा फिरतो ते बघायचं आणि संध्याकाळी तोंडी सांगायचं, एवढाच अभ्यास.

लेक : मामा, हे काल का नाही काढलंत?

भाऊ : विसरलो होतो. मला आता त्याची गरज पडत नाही. तुला आहे, हे ध्यानात यायला हवं होतं.

स्टुलावर पुस्तकांची चळत रचून त्यांनी मुखवटा माझ्या उंचीला आणला. माझा चष्मा त्याच्या नाकावर ठेवला. लेकीनं फ्लॅशचा स्टँड खिडकी आणि पडदा यांच्यामधल्या जागेत उभा केला आणि दिव्याचं तोंड पडद्याकडं केलं. फ्लॅश उडाला की सगळा मांजरपाट उजळायचा. खिडकीची जागा तीच, पडदाही तोच, आता उजेड मात्र ढगांच्या मर्जीवर नव्हता. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी केली. ती जवळ आणली की सावलीतला गाल उजळतो, लांब नेली की गडद होतो. साडीवर उजेड कमी पडावा म्हणून पडद्याचा खालचा भाग काळ्या कापडानं झाकला. चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलल्या, काचा जराशा खाली झुकल्या आणि त्यांतलं पांढरं प्रतिबिंब निघून गेलं. शाडूचा राखाडी रंग मीटरला मानवणारा होता. तिथून मोजलेला आकडा तिनं वहीत टिपला. कॅमेरा सहा फुटांवर ठेवला. दीड फुटावरून काढला तर नाक मोठं आणि कान लहान दिसतात, चेहऱ्याची ठेवण अंतरानं ठरते, हेही ती मुखवट्याचे दोन फोटो काढून मामाला दाखवत होती. मामा वाकून वाकून बघत होता.

यात चाळीस मिनिटं गेली. मुखवटा एकदाही कंटाळला नाही. मी बाहेरच्या खोलीत चहा घेत, पाऊस बघत बसले होते.

मग त्यांनी मला बोलावलं. मी बसले. लेकीनं कॅमेऱ्यामागच्या पडद्याकडं पहिल्या फोटोनंतर एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहिलंच नाही. ती माझ्याकडं बघत होती. “आई, जरा उजवीकडं वळ. तुझी डावी भुवई मला दिसू दे,” म्हणाली. भाऊ तिच्या बाजूला उभा राहून बाबांबद्दल बोलत होता. मुखवटा पहिल्यांदा हातातून पडून नाकाचा टवका उडाला तेव्हा बाबा रागावले नाहीत. ‘आता याचं नाक ओळखू येईल’ म्हणाले. ही गोष्ट मला माहीत नव्हती. मी ऐकत होते. सहा मिनिटांत ११ फोटो झाले. पुस्तिकेत आठवा छापला.

नव्यानं शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे ते याच ४३ आणि ११ मधलं. खरं तर मला पहिल्या दिवसाच्या ४३ फोटोंची तक्रार नाही. तितके काढल्याशिवाय कुणी शिकत नाही. पण ते माणसावर काढू नका. तंत्र शिकायला पुष्कळ वेळ लागतो आणि तो वेळ कुणाचा तरी खर्च होत असतो. समोर बसलेल्या माणसाकडं ताजेपणाची दहा-पंधरा मिनिटंच असतात. ती दिवा सरकवण्यात गेली तर चेहऱ्यासाठी काही उरत नाही. मामाचं म्हणणं खरं, माणूस वाचल्याशिवाय पोर्ट्रेट होत नाही. लेकीचंही खरं, हात बसलेला नसेल तर माणूस वाचायला डोळे मोकळे राहत नाहीत. दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसावर शिकायला गेलं की दोन्ही बिघडतं.

तेव्हा महागडं सामान घेण्याआधी एक मुखवटा आणा. भाद्रपदात कुंभाराकडं न रंगवलेला मिळतो. एक खिडकी, एक पांढरा पडदा, एक दिवा आणि थर्माकोलचा तुकडा एवढं पुरे. महिनाभर रोज एकच दिवा फिरवा आणि नाकाची सावली कुठं जाते ते वहीत काढा. आणि माणसं बघा : बसमध्ये, भाजीच्या गाडीवर, घरात. कुणाची कुठली भुवई वर आहे ते मनात टिपा. मग एखाद्या माणसाला बोलवा, पाणी द्या आणि त्याला थकवू नका.

तो फोटो आता माझ्या माहेरी, हळदणकरांच्या कॅलेंडराशेजारी लावलेला आहे. त्यात मी सावळी आहे.